सोमवारची मोजणी

रस्त्याच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर पॅड, पॅडला लावलेला कागद आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत रेघा ओढणारा माणूस तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. पोलिसांचा असेल म्हणून गाडी हळू केली असेल आणि तसं काही नाही म्हटल्यावर पुन्हा दामटली असेल. तो माणूस मी. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत, वडखळच्या नाक्यापासून अष्टमीच्या पुलापर्यंत, वीसबावीस वर्षं मी माणसं आणि गाड्या मोजल्या. नवा रस्ता, नवा पूल, औद्योगिक वसाहत, काहीही निघालं की सगळ्यात आधी आमची खुर्ची पोचते. नारळ फार नंतर फुटतो.

काम दिसायला सोपं. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, झाली पाचाची जुडी. ट्रकचा रकाना वेगळा, दुचाकीचा वेगळा, पायी चालणाऱ्यांचा वेगळा, गुरांचा वेगळा. काही दिवस नुसतं मोजायचं, काही दिवस थांबवून विचारायचं. प्रश्न तीनच. कुठून आलात, कुठे चाललात, कशासाठी. 'कशासाठी'च्या पुढे पाच चौकोन असतात. नोकरी, शिक्षण, बाजार, दवाखाना, सामाजिक. माणूस या पाचांपलीकडे कशासाठीही घराबाहेर पडत नाही, असं कागदाचं म्हणणं.

वडखळला एका मोटारसायकलवाल्याला विचारलं, "कशासाठी चाललात?"

"भांडायला."

"म्हणजे?"

"सख्ख्या भावाशी. बांध कोरलाय त्यानं माझा. लिवा."

मी 'सामाजिक'वर खूण केली. दोन तासांनी तोच परत आला, खिसा फाटलेला, ओठ सुजलेला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "आता दवाखाना लिवा."

एकदा मुंबईच्या गाडीतल्या जोडप्याला विचारलं, कुठून आलात? "घरून." कुठे चाललात? "घरी." राहायचं घर दादरला आणि शनिवार-रविवारचं घर अलिबागकडे. कागदात त्याला जागाच नव्हती. अष्टमीच्या पुलावर एक मासेवाली मावशी सकाळपासून तिसऱ्यांदा समोरून गेली आणि टोपली टेकवून माझ्या कागदात डोकावली. "मला तीनदा मांडलंस काय रं?" मी म्हटलं, नियम तसाच आहे, मावशी. "मंग चाय पन तीन मानसांचा पाज."

असं चालायचं. मला या कामाचा अभिमान होता, अजूनही थोडा आहे. पण हे लिहायला घेतलं ते अभिमानापोटी नाही. माझ्या हातून एक खोटी खूण झाली, ती चारचौघांत कबूल करायची आहे. ओळखीच्या दोघातिघांनी सांगितलं की दिवाळी अंकात असलं कशाला लिहितोस, सणासुदीला लोक हसतखेळत काहीतरी वाचायला घेतात. त्यांचं ऐकणार नाही. कंपनीचं, कार्यालयाचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. घाबरून नाही. दोष माझा आहे आणि तो माझ्याच नावावर राहू दे, म्हणून.

आधी एक गोष्ट समजावून सांगतो, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही.

मी नवीन होतो तेव्हा रोह्यात 'कुठे चाललात' विचारलं की उत्तरं चहूकडे पांगलेली असायची. कोलाड, मुरुड, नागोठणे, पेण, अष्टमी, कुणी डोंगरातल्या वाडीवर, कुणी खाडीपलीकडे. ही उत्तरं आम्ही नकाशावर रेघांनी जोडायचो. जिथे जाणारे जास्त तिथे रेघ जाड. कार्यालयात या रेघांना 'इच्छारेषा' म्हणत. रोह्याचा नकाशा तेव्हा बैलगाडीच्या चाकासारखा दिसायचा, मधे रोहा आणि आजूबाजूला बारीक बारीक आरे. पेणचा तसाच.

वर्षं गेली तशी ती चाकं मोडली. आरे एकेक करून गळाले आणि सगळ्या रेघा एकाच दिशेला वळल्या. पनवेल, आणि तिथून पुढे. मोठं ऑपरेशन तिकडे. कॉलेजनंतरचं शिक्षण तिकडे. मुलाखत तिकडे, मशिनचा सुटा भाग तिकडे. आमच्या शेतातले कडवे वाल पूर्वी पेणच्या बाजारात विकले जायचे आणि तिथूनच घराघरांत जायचे. आता व्यापारी ते वाशीला नेतो आणि तिथून पाकिटात बंद होऊन ते पेणच्याच दुकानात परत येतात. शेत ते दुकान अंतर चार मैलांचं, वालाचा प्रवास दोन जिल्ह्यांचा. शहर मोठं होतं म्हणजे काय, तर हे. ते नुसतं उंच होत नाही. आपल्याकडची वस्तू, आपल्याकडचा माणूस, आपल्याकडचा निर्णय एकदा तिकडे जाऊन आल्याशिवाय पुरा होत नाही, अशी वेळ आली की समजायचं शहर आता सगळ्या मुलखाचं केंद्र झालं.

भाषणांत सांगतात की हे पावसासारखं आपोआप होतं. मी मानत नाही. प्रत्येक जाड रेघेमागे एक कागद असतो, प्रत्येक कागदावर कुणाची तरी सही. 'इच्छारेषा' म्हणे! ज्या बाईला बाळंतपणासाठी पनवेलला जावं लागलं तिची ती इच्छा होती का? आम्ही विचारलं नाही. तो चौकोन नव्हता. आणि रेघ जाड दिसली की रस्ता रुंद होतो, रस्ता रुंद झाला की रेघ आणखी जाड होते.

असाच एक रस्ता रोह्याकडच्या कारखान्यांपासून शहराच्या बंदराकडे जाणारा निघाला. चार पदरी, मधे दुभाजक. तो कासू स्टेशनपासून पायी अर्ध्या तासावरच्या एका गावाला चिकटून जाणार होता. घरं एका अंगाला, शेतं आणि गुरांचं रान दुसऱ्या अंगाला. अशा ठिकाणी रस्त्याखालून माणसांना आणि गुरांना जायला वाट ठेवतात. कागदावर त्याला भुयारी मार्ग म्हणतात, गावं बोगदा म्हणतात. तो द्यायचा की नाही हे ठरतं मोजणीवरून. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, किती माणसं आणि किती गुरं वाट ओलांडतात. ती मोजणी माझ्याकडे आली.

ते गाव माझ्या आत्याचं. माझ्या वडिलांची धाकटी बहीण तिथे दिलेली. तिच्याकडे मी लहानपणी महिना महिना राहिलेलो. नवरा गेल्यावर मुलगा नि सून सुगंधा यांच्यासोबत तिने शेत चालू ठेवलं होतं. पावसात भात, मग वाल.

मुंबईहून आमच्या सरांचा फोन आला. "दत्ता, तुझ्याकडचं ते कासूजवळचं गाव सोमवारी उरकून टाक. मंगळवारी सगळी टीम पनवेलला हवी."

सोमवार. त्या पट्ट्यात सोमवारी मोडा पाळतात. मोडा म्हणजे त्या दिवशी जमिनीला आणि जनावराला कामाचा हात लावायचा नाही. जू नाही, विळा नाही, भारा नाही. गुरं घरालगतच्या तळ्यापाशी सोडतात, रानात नेत नाहीत. बायका त्या दिवशी भिंती सारवतात, माहेरी जातात, डोक्यावरून न्हातात. सोमवारी त्या वाटेवर चिटपाखरू नसतं, हे मला लहानपणापासून ठाऊक. सरांना ठाऊक असण्याचं कारण नाही. मी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "होऊन जाईल, सर."

का म्हटलं? त्या महिन्यात मला पेण-रोह्याचा सुपरवायझर करायचं चाललं होतं. अडचणी सांगणारा माणूस सुपरवायझर होत नाही. एवढंच. याहून मोठं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही.

सोमवारी सकाळी मी आंब्याखाली खुर्ची टाकली. नऊच्या सुमाराला आत्या लांबून येताना दिसली. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात घावन.

"दत्ता, आरं इथं काय राखन करतोस?"

"मोजणी आहे, आत्या. रस्ता होणाराय. माणसं मोजायची, गुरं मोजायची."

किटली खाली टेकवून तिने कमरेवर हात ठेवला आणि रिकाम्या वाटेकडे बघितलं. "आज? आज मोडा हाय. आज काय मोजशील, कावले?"

"वरून सोमवारच आलाय."

"वरून पाऊस येतो, बाला. वार कवापासून यायला लागले?"

मी हसलो. तिनेही हसून चहा ओतला. म्हणाली, "लिव की मंग, आज मोडा हाय म्हनून. लिवता येतंय ना?"

येत होतं. कागदाच्या खाली 'शेरा' नावाची लांब ओळ असते, अशाच गोष्टींसाठी. त्याच्या वर एक प्रश्न छापलेला असतो. 'दिवस नेहमीच्या कामाचा आहे काय? होय / नाही.' 'नाही' म्हटलं की मोजणी पुन्हा करावी लागते, वेळापत्रक बिघडतं, वरून फोन येतो. संध्याकाळी सहा वाजता मी बेरीज केली. माणसं चौदा, गुरं शून्य. चौदांत आत्या दोनदा होती, चहा आणताना आणि जाताना. मी 'होय'वर खूण केली. शेरा कोरा ठेवला. तिच्या चहाची चव तोंडात होती आणि मी 'होय'वर खूण केली.

बोगदा नकाशातून गेला. मी सुपरवायझर झालो.

रस्ता झाल्यावर गावाने अर्ज केले. उत्तर यायचं की मोजणीनुसार गरज दिसत नाही, गुरं तर मुळीच नाहीत. जवळचा बोगदा जायला दीड कोस, यायला दीड कोस. डोक्यावर भारा घेऊन एवढा वळसा कोण घेणार? लोकांनी दुभाजकावरचं रेलिंग एका जागी वाकवून फट केली आणि तिथून पळत ओलांडायला लागले. मी त्या रस्त्याने जायचो तेव्हा गाडीत मान दुसरीकडे करून बसायचो. आत्याकडे गणपतीला जायचो, तेही कमी केलं.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात, वालाचं बियाणं घेऊन फटीतून पलीकडे जाताना आत्याला एका पिकअपने ठोकलं. मांडीचं हाड मोडलं. पनवेलच्या दवाखान्यात तिला सळई घातली. तिसऱ्या दिवशी मी गेलो. सुगंधा पायाशी बसलेली होती. ती मोजक्या शब्दांची बाई. मी स्टुलावर बसलो आणि ज्या गोष्टीने इतकी वर्षं मला घास गोड लागू दिला नव्हता ती सांगून टाकली. सोमवार, चौदा, शून्य, होय.

सुगंधाने माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. आत्याने उशीवरची मान माझ्याकडे वळवली.

"म्हंजे सायबानं नाय, तू केलंस."

"व्हय, आत्या."

"आनि मी तुला चाय पाजली. घावन पन दोन."

मला रडू फुटलं. पन्नाशीला आलेला माणूस, वॉर्डात, सगळ्यांदेखत. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तोंड फिरवलं. आत्याने थोडा वेळ रडू दिलं, मग माझ्या मनगटाला चिमटा काढला. जोरात काढला.

"बास कर आता. तुझ्या रडन्याखालून गुरं जायाची नायत. मला बोगदा पायजे."

आजवर मला कुणी दिलेली ती सगळ्यात कडक शिक्षा आणि सगळ्यात मोठी माफी. दोन्ही एकाच वाक्यात. अपराधीपणात एक ऐष असते. माणूस आपलं दुःख कुरवाळत बसतो आणि त्यालाच प्रायश्चित्त समजतो. आत्याने ती ऐष काढून घेतली आणि काम दिलं.

मी रस्त्याच्या सरकारी कार्यालयाला पत्र लिहिलं. अमुक ठिकाणची मोजणी मी केली, ती चुकीच्या दिवशी केली, तो दिवस कामाचा नव्हता हे मला माहीत असताना कामाचा लिहिला. खाली पूर्ण नाव, सही, पत्ता. आठवड्यात सरांचा फोन. "दत्ता, तू वेडा झालास का? या पत्राने तुझ्या सगळ्या जुन्या मोजण्यांवर शंका येईल." मी म्हटलं, येऊ दे, बाकीच्या खऱ्या आहेत, तपासा. त्यानंतर त्यांच्याकडून काम आलं नाही. पश्चात्ताप होत नाही.

गावाला मात्र वर्षाने उत्तर आलं. 'सदर ठिकाणी पुनर्मोजणी कामाच्या दिवशी करण्यात येईल.' खाली तारीख. मी कॅलेंडर काढून बघितलं. सोमवार.

देवळात बैठक बसली. तरुण मंडळी म्हणाली, सोपं आहे. एक सोमवार मोडा मोडायचा. सगळी गुरं सोडायची, सगळ्यांनी भारे घेऊन हिंडायचं, आकडा दणदणीत. एकजण म्हणाला, कासूहून पाहुणे बोलावू, चारचार फेऱ्या मारतील. लोक हसले, आणि मग माझ्याकडे बघायला लागले. मोजणाऱ्याला कसं फसवायचं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि खरं सांगतो, मी मान डोलावली. म्हटलं, होऊन जाईल.

आत्या तोवर वॉकर धरून हिंडायला लागली होती. ती खांबाला टेकून उभी होती.

"कसं काय होऊन जाईल? एकदा तू खोटं लिवलंस. आता गावाला खोटं चालाय लावतोस?"

"आत्या, बोगदा मिळेल ना."

"मिलेल. आनि सोमवार जाईल. पुढं कोनी इचारलं तर ते कागद दाखवतील, हे बघा, यांचा सोमवार कामाचाच हाय. मंग आपला वार पन त्यांनीच ठरवायचा?" तिने तरुणांकडे वळून बघितलं. "कंपनीत रविवारी जाता काय रं तुमी?"

"शिफ्ट नसली तर नाय."

"मंग? माझी बी सोमवारी शिफ्ट नाय."

देवळात हशा पिकला, पण ठराव झाला. मोडा मोडायचा नाही, पत्र पाठवायचं. पत्र मी लिहिलं आणि कार्यालयात फोनही मीच केला. पलीकडे नव्याने आलेल्या अभियंता मॅडम होत्या, आवाजावरून तरुण.

"अहो, तुमच्या गावाचा सोमवार वेगळा असतो का?"

"हो, मॅडम. तुम्ही रविवारी मोजणी ठेवता का?"

"नाही. रविवारी सुट्टी, आकडा चुकेल."

"हा आमचा रविवार आहे."

कागद उलटल्याचा आवाज आला. "मंगळवारी मी स्वतः येते," म्हणाल्या.

वीस वर्षांत जे मी एकदाही केलं नाही ते करायला एक फोन लागला. मिनिटभराचा. हे मला अजून सलतं.

माघातला मंगळवार. वाल काढणीला आलेले, गुरं रानात न्यायचे दिवस. मॅडम साडेपाचलाच हजर, सोबत मोजणीला दोन माणसं. मी बाजूला उभा, हात मागे बांधून. मला पेन धरायचा अधिकार नव्हता आणि तेच योग्य होतं. उजाडलं आणि गाव निघालं. काही जास्तीचं केलं नाही. रोज जसं निघतं तसं. गुरं पुढे, मागे विळे घेतलेल्या बायका, सायकलीवर डबे, कुणाच्या खांद्यावर पोर. फटीपाशी सगळे अडकले, कारण दोन्हीकडून कंटेनर येत होते. मोजणारा माणूस गडबडला. एक गाय पुढे यायची, हॉर्न वाजला की मागे सरायची, तो तिला पुन्हा मोजायचा.

"मॅडम, गुरं स्थिर राहत नाहीत," तो वैतागून म्हणाला.

आत्या वॉकर टेकत माझ्या शेजारून गेली. मला वाटलं बघायला चाललीय. ती सरळ डांबरावर गेली, अलीकडच्या दोन पदरांच्या मधोमध वॉकर रोवला आणि हात वर केला. पुढचा कंटेनर करकचून ब्रेक मारत तिच्यापासून पाचसहा हातांवर थांबला. त्याच्यामागे दुसरा. मग टँकर, मग आणखी.

"आजी! बाजूला व्हा, धोका आहे!" मॅडम ओरडल्या.

"मोज तू, बाय. त्यांना मी धरलंय."

चालकाने काच खाली केली. "ओ मावशी, बंदरावर टाइम आहे माझा. जहाज निघून जाईल!"

"जाऊ दे. माझी म्हैस चालली हाय."

पलीकडचे दोन पदर सुगंधाने अडवले, नुसता पदर खोचून उभी राहिली. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत शहराकडे जाणारी ती जाड रेघ मी पहिल्यांदाच थांबलेली पाहिली. शेवटची पाडी पलीकडे पोचेपर्यंत हॉर्न वाजत होते आणि मोजणारे शांतपणे जुड्या मारत होते. संध्याकाळपर्यंत दोन पानं भरली, तिसरं जोडावं लागलं. मॅडमनी चालकांची माफी मागितली, आत्याला दटावलं आणि कागदावर सही केली.

बोगदा मंजूर झाला. इथे थांबता आलं असतं, गाव थांबलंही होतं. पेढे वाटले गेले. पण मंजुरीसोबत जे चित्र आलं ते मी उघडून बघितलं, ते वाचता येतं मला. वाट होती, रुंदीही पुरेशी होती. उंची कमी होती. नियमाप्रमाणे गुरांच्या मापाची. कागदावर गाय होती, भारा घेतलेली बाई नव्हती. मी ते गावाला सांगितलं. काहीजण म्हणाले, मिळतंय ते घ्या, आता पुन्हा खुसपट नको. भारा हातात धरून वाकून जाऊ.

"मी नाय वाकनार," आत्या म्हणाली. "मी सुगंधाला पन वाकू देनार नाय. बोगदा मान खाली घालाय मागितला नवता."

मॅडमना फोन केला. त्या चिडल्या नाहीत, पण थकल्यासारख्या म्हणाल्या, "मला वर काहीतरी द्यावं लागेल. डोक्यावर भारा घेतलेल्या बाईची उंची किती, हे कुठल्याच पुस्तकात नाही. तुम्ही मोजून, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी पाठवाल?"

त्या दिवशी सुगंधा गुरं घेऊन रानात गेलेली. मी म्हटलं ती आली की मोजू. आत्याला धीर नव्हता. ती घराच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली, वॉकर बाजूला केला.

"ठेव भारा."

"आत्या, पायात सळई आहे. सुगंधा येऊ दे."

"पेंढ्याचा तर हाय. ठेव म्हनते ना."

मी पेंढ्याचा भारा उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. मान थोडी डगमगली, मग सरळ झाली. हात कमरेवर. साठ वर्षं जी बाई भारे वाहते ती भाऱ्याखाली उंच होते, हे मी त्या दिवशी बघितलं. शेजारचे दोघे साक्षीला आले. मी टेपचं एक टोक जमिनीला धरायला दिलं, दुसरं वर नेलं आणि भाऱ्याच्या माथ्याला लागून भिंतीवर कोळशाने रेघ ओढली.

"मोजलंस?"

"मोजलं."

"आता त्याच्यावर चार बोटं सोड. सुगंधा माझ्यापरीस उंच हाय."

मी रेघेवर चार बोटं धरली, तिथे दुसरी रेघ ओढली, आकडा कागदावर उतरवला आणि चार बोटं कशासाठी सोडली ते शेऱ्यात लिहिलं.